अमेरिकी एअरलाइन पायलटांची सिनिऑरिटी, रिझर्व्ह आणि सुट्टी

अमेरिकेतल्या मोठ्या एअरलाइनमध्ये पायलट कुठलं विमान उडवणार, कुठल्या शहरातून उडवणार, महिन्यातले कुठले दिवस घरी असणार आणि नाताळात पोराबाळांसोबत असणार की कुठल्यातरी हॉटेलात, हे सगळं एका आकड्यावर ठरतं, त्याला सिनिऑरिटी नंबर म्हणतात. आपल्याकडे शाळांमध्ये किंवा सरकारी खात्यात सेवाज्येष्ठता यादी असते तसलीच ही, फक्त आपल्याकडे ती बढतीच्या वेळी बाहेर निघते आणि तिथे दर महिन्याला निघते. यादी कशी वापरायची, तयार बसून राहण्याचे म्हणजे रिझर्व्हचे नियम काय, सुट्टीचा एक दिवस किती तासांचा धरायचा, हे सगळं कंपनी आणि युनियन यांच्यातल्या करारात लिहिलेलं असतं आणि हे करार शेकडो पानांचे असतात. डेल्टा आणि युनायटेडच्या पायलटांची युनियन म्हणजे एअर लाइन पायलट्स असोसिएशन, जिला सगळे आल्पा म्हणतात, ती १९३१ ची. अमेरिकन एअरलाइन्सच्या पायलटांची अलाइड पायलट्स असोसिएशन १९६३ पासूनची. साउथवेस्टवाल्यांची आणखी वेगळी.

या करारांना रेल्वे लेबर अ‍ॅक्ट लागू होतो. नावात रेल्वे आहे कारण १९२६ चा हा कायदा मुळात रेल्वेसाठीच होता, १९३६ मध्ये तो विमान कंपन्यांना लावला. त्याची खासियत अशी की करार कधी संपत नाही, ठरलेल्या तारखेनंतर तो फक्त दुरुस्तीला मोकळा होतो आणि नवा होईपर्यंत जुनाच चालू राहतो. संप करायचा तर आधी नॅशनल मिडिएशन बोर्ड या सरकारी मध्यस्थ मंडळाने बोलणी थांबली असं मान्य करून दोघांना मोकळं करावं लागतं, त्यावर परत ३० दिवस थांबायचं. त्यामुळे बोलणी वर्षानुवर्षं चालतात. डेल्टाचा करार २०१९ च्या अखेरीस दुरुस्तीला मोकळा झाला आणि नवा झाला मार्च २०२३ मध्ये, मधे कोविडही येऊन गेला. त्या नव्या करारात टप्प्याटप्प्याने एकूण ३४ टक्के पगारवाढ होती, बातम्या तिच्याच झाल्या. पण आतले पायलट पगाराइतकीच पानं रिझर्व्ह आणि सुट्टीच्या कलमांची वाचतात, कारण घरचं वेळापत्रक त्या पानांवर चालतं.

नंबर आणि बिडिंग

नंबर मिळतो तो नोकरीला लागल्याच्या तारखेवरून. एकाच दिवशी एकाच बॅचमध्ये लागलेले असतील तर बहुतेक ठिकाणी वयावरून किंवा असाच एखादा ठरलेला नियम लावून क्रम लागतो. त्यानंतर तो नंबर फक्त एकाच कारणाने सुधारतो, वरचं कोणीतरी रिटायर झालं किंवा सोडून गेलं की. सक्तीचं निवृत्तीचं वय आधी ६० होतं, डिसेंबर २००७ मध्ये ते ६५ झालं आणि त्या एका बदलाने खालच्यांची सगळी रांग जवळपास पाच वर्षं जागच्या जागी थांबली, त्यात २००८ ची मंदी आली. ज्यांनी ती वर्षं ज्युनिअर म्हणून काढली त्यांच्याशी बोललात तर ते अजून त्यावर बोलतात.

नंबर कंपनीबाहेर नेता येत नाही हे नीट लक्षात घ्यायला हवं. वीस वर्षं कॅप्टन राहिलेला माणूस कंपनी बदलतो तेव्हा नव्या कंपनीत तो यादीच्या तळाला, उजव्या म्हणजे सहपायलटच्या सीटवर आणि बहुतेक वेळा रिझर्व्हवर. त्याच्या अनुभवाची किंमत यादीत शून्य. हे ऐकायला क्रूर वाटतं आणि ज्याची कंपनी बुडते त्याच्यासाठी ते क्रूर आहेच. तरी युनियन हे सोडत नाहीत, कारण नंबर आहे म्हणून चीफ पायलटच्या मर्जीतला कोण, कोणी खराब हवेत उडायला नकार दिला, कोणी तक्रार केली, यावर ड्युटी ठरत नाही. माझ्या मते सुरक्षेच्या दृष्टीने हा फायदा मोठा आहे, नाही म्हणणाऱ्या पायलटला महिनाअखेरीस त्याची किंमत मोजावी लागत नाही.

दर महिन्याला बिडिंग होतं. आता बहुतेक ठिकाणी कॉम्प्युटरची पद्धत आहे, पायलट आपल्या आवडीनिवडी भरतो, म्हणजे वीकेंड मोकळे हवेत, पहाटेचं रिपोर्टिंग नको, चार दिवसांच्या ट्रिपा चालतील वगैरे, आणि सिस्टिम एक नंबरपासून खाली उतरत एकेकाचा महिना भरत जाते. ज्याला ठरलेल्या ट्रिपांचा महिना मिळतो तो लाइनहोल्डर. खाली उरतात ते रिझर्व्हवर. इथे संपूर्ण कंपनीतला नंबर बघत नाहीत, त्या शहरात त्या विमानावर त्या सीटवर आपल्या वर किती जण आहेत ते बघतात. म्हणून एकाच माणसाला निवड करावी लागते, फर्स्ट ऑफिसर म्हणजे सहपायलट राहिला तर वरच्या वीस टक्क्यांत, वीकेंड घरी, आणि कॅप्टन झाला तर पगार बराच जास्त पण सगळ्यात खालचा कॅप्टन, परत रिझर्व्ह, परत सणाला बाहेर. लहान मुलं असलेले कित्येक जण कॅप्टनची खांद्यावरची चौथी पट्टी जाणूनबुजून काही वर्षं पुढे ढकलतात.

रिझर्व्ह

रिझर्व्ह म्हणजे कोणी आजारी पडलं, विमान वादळात अडकलं, कोणाचे ड्युटीचे तास संपले, की ती जागा भरायला तयार ठेवलेला पायलट. पायलटचा पगार मुळात तासावर असतो आणि तो तास विमान गेटवरून हललं की सुरू होतो, त्यामुळे नुसतं बसून राहणाऱ्याला काय द्यायचं हा प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर म्हणजे महिन्याची गॅरंटी, साधारण सत्तर ते ऐंशी तासांच्या मधे कुठेतरी. समजा गॅरंटी ७५ तासांची आहे आणि महिन्यात उडणं झालं फक्त ३२ तास, तरी पगार ७५ चा. ८२ तास उडाला तर ८२ चा. बाहेरच्याला वाटतं घरी बसून पगार मिळतो, पण तो पगार त्या दिवसांवरचा हक्क सोडल्याचा असतो.

दोन मुख्य प्रकार आहेत आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. शॉर्ट कॉलमध्ये फोन आला की साधारण दोनेक तासांत विमानतळावर हजर. लाँग कॉलमध्ये बारा तास किंवा त्याहून जास्त वेळ मिळतो, म्हणजे माणूस दुसऱ्या शहरातल्या स्वतःच्या घरी राहू शकतो, मुलीला शाळेत सोडू शकतो. तिसरा प्रकार थेट विमानतळावरच युनिफॉर्ममध्ये बसायचा, तो सगळा वेळ ड्युटीतच धरतात.

अमेरिकेत खूप पायलट नोकरीच्या शहरात राहतच नाहीत, घर टेनेसीत किंवा फ्लोरिडात आणि बेस न्यूयॉर्क, मग रिकाम्या सीटवर किंवा कॉकपिटमधल्या जादा सीटवर, जंपसीटवर, बसून कामाला जायचं. अशा माणसाला शॉर्ट कॉल लागला की क्रॅशपॅड लागतो, म्हणजे विमानतळाजवळ अनेकांनी मिळून भाड्याने घेतलेली झोपण्यापुरती जागा. न्यूयॉर्कमध्ये क्वीन्समधलं क्यू गार्डन्स हे त्याचं माहेरघर, जेएफके आणि लाग्वार्डिया दोन्ही जवळ, तिथे इतके पायलट आणि केबिन क्रू राहतात की त्या भागाला क्रू गार्डन्स म्हणतात. एका खोलीत दोन-तीन बंक बेड, खिडकीला जाड काळे पडदे, फ्रिजच्या कप्प्यावर नावाची चिकटपट्टी, उशीजवळ चार्जिंगला लावलेला आणि आवाज पूर्ण वाढवलेला फोन. पहाटे चारपासून रिझर्व्ह असेल तर चारला डोळे उघडतात, फोन वाजो न वाजो. वरच्या बंकवर रात्री दीडला आलेला झोपलेला असतो म्हणून फोन वाजला की पटकन उचलून बाथरूममध्ये जाऊन बोलायचं. स्वस्तातल्या क्रॅशपॅडमध्ये बेडही स्वतःचा नसतो, रिकामा दिसेल त्यावर आपली चादर घालायची.

या झोपेच्या प्रश्नावर कायदा बदलला तो पन्नास माणसं गेल्यावर. १२ फेब्रुवारी २००९ ला कोल्गन एअरची फ्लाइट ३४०७ नेवार्कहून बफेलोला उतरताना एका घरावर कोसळली, विमानातले सगळे ४९ आणि जमिनीवर एक. स्टॉलची, म्हणजे वेग कमी पडून पंखांचा आधार सुटण्याची, वॉर्निंग आल्यावर कॅप्टनने उलटी हालचाल केली हे चौकशीत मुख्य कारण ठरलं. पण त्याचबरोबर हेही बाहेर आलं की फर्स्ट ऑफिसर आदल्या रात्री सिअ‍ॅटलहून मेम्फिसमार्गे मालवाहू विमानांतून प्रवास करत नेवार्कला आली होती आणि कॅप्टनने रात्र विमानतळावरच्या क्रू रूममध्ये काढली होती. मृतांच्या नातेवाइकांनी पाठपुरावा केला, २०१० मध्ये कायदा झाला आणि ४ जानेवारी २०१४ पासून विश्रांतीचे नवे नियम, पार्ट ११७, लागू झाले. त्यानुसार शॉर्ट कॉलची उपलब्धता एका वेळी जास्तीत जास्त १४ तास, आधी १० तासांची विश्रांती ज्यात ८ तास सलग झोपायची संधी, आणि १६८ तासांत सलग ३० तास मोकळे. रिझर्व्हवर बसलेला वेळ आणि त्यानंतरची ड्युटी यांच्या बेरजेलाही मर्यादा आली, ती दोन पायलटांच्या विमानात १६ तासांपलीकडे जात नाही. म्हणजे पहाटे चारपासून फोनजवळ बसलेल्याला दुपारी तीनला उठवून रात्री बारापर्यंत उडवता येत नाही. मालवाहू कंपन्यांना मात्र हा नियम लागू केला नाही, रात्री उडणारे तेच सगळ्यात जास्त असताना, आणि हे चूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

सरकारी नियम ही खालची पायरी, त्यावरचं करारातून येतं. महिन्यात किमान किती दिवस पक्के मोकळे, फोन किती वेळात उचलायचा, आज कोणाला आधी बोलवायचं, कमी तास झालेल्याला की ज्याचे पुढचे दिवस कामाला जुळतात त्याला, लाँग कॉलवाल्याला शॉर्ट कॉलवर कधी आणि महिन्यातून किती वेळा ढकलता येतं, अशा प्रत्येक वाक्यावर वाटाघाटी झालेल्या असतात. काहीच जमलं नाही तर सक्तीची ड्युटी लागते आणि ती उलट्या क्रमाने, सगळ्यात ज्युनिअरला आधी.

सुट्टी

अमेरिकेत पगारी सुट्टी दिलीच पाहिजे असा केंद्रीय कायदाच नाही, म्हणून पायलटची रजा आहे ती सगळी करारातली. नव्याला वर्षाला दोनेक आठवडे, वीस-पंचवीस वर्षं झालेल्याला पाचेक. आठवड्याआठवड्याचे गट करून पुढच्या वर्षासाठी बोली लागते. समजा एका बेसवर एका विमानाचे १२० कॅप्टन आहेत आणि नाताळच्या आठवड्याला चारच जागा, तर पहिले चौघे घेतात आणि पाचव्याचा विषय संपला. तळाच्याला फेब्रुवारी किंवा सप्टेंबर मिळतो, शाळा चालू असताना. काही ठिकाणी रजेचे तुकडे करून फेऱ्या घेतात, पहिल्या फेरीत सगळ्यांची एकेक पसंती, मग दुसरी, म्हणजे वरचा माणूस जून, जुलै आणि डिसेंबर एकदम उचलून नेत नाही.

जुन्या पद्धतीत एक मोठी गंमत होती. आधी ट्रिपा लागायच्या आणि रजेचा एक दिवस जरी चार दिवसांच्या ट्रिपेला लागला तरी ती अख्खी ट्रिप पगारासकट निघायची. दोन्ही टोकांना अशा ट्रिपा जुळवल्या की सात दिवसांची रजा दोन आठवड्यांची व्हायची आणि जुने पायलट ते जुळवण्यात तरबेज होते. कॉम्प्युटर बिडिंग आल्यावर सिस्टिम रजा आधी मांडते आणि ट्रिपा तिच्याभोवती बसवते, त्यामुळे ती वाढीव सुट्टी गेली आणि युनियनने बदल्यात रजेच्या दिवसाचे जास्त तास मागायला सुरुवात केली. रिझर्व्हवाल्याची रजा साधी असते, ते दिवस गॅरंटीतून वजा होतात आणि रजेच्या दराने परत मिळतात.

सुट्टी आणि रिझर्व्ह एकाच तराजूत कसे आहेत हे २०१७ च्या नोव्हेंबरात दिसलं. अमेरिकन एअरलाइन्सच्या सिस्टिमला वाटलं डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात रिझर्व्ह भरपूर आहेत, म्हणून ज्याने ट्रिप सोडायची विनंती केली त्याची मंजूर करत गेली आणि १५,००० च्या वर फ्लाइट्सना पायलट उरला नाही. कंपनीने दीडपट पगार देऊ केला, युनियनने लगेच तक्रार दाखल केली की करारात नसलेला दर कंपनी एकटी ठरवू शकत नाही, मग दोघांत बोलणी होऊन तोडगा निघाला.

विलीनीकरण आणि आपल्याकडे

दोन कंपन्या एक झाल्या की दोन याद्या एक करायच्या आणि तिथे खरी भांडणं. २००१ मध्ये टीडब्ल्यूए ही एअरलाइन अमेरिकनमध्ये गेली तेव्हा तिच्या बऱ्याच पायलटांना यादीच्या तळाला टाकलं, त्यातून २००७ चा मॅकॅस्किल-बाँड कायदा आला, यादी न्याय्य पद्धतीने जोडा आणि जमलं नाही तर लवाद. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्टच्या २००५ च्या विलीनीकरणात लवादाचा निकाल एका गटाला इतका झोंबला की त्यांनी २००८ मध्ये आल्पा सोडून वेगळी युनियन केली.

भारतात साधारणपणे रोस्टर कंपनी लावते, रिझर्व्हला स्टँडबाय म्हणतात. पण यादीचं दुखणं ओळखीचं आहे. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एक झाल्या आणि बोईंग ७८७ चं ट्रेनिंग कोणाला यावरून २०१२ मध्ये इंडियन पायलट्स गिल्ड या जुन्या एअर इंडियाच्या पायलटांच्या युनियनचे पायलट ५८ दिवस कामावर आले नाहीत, मुंबईत ज्यांच्या घरी कोणी एअर इंडियात होतं त्यांना तो उन्हाळा आठवत असेल. आणि डिसेंबर २०२५ मध्ये, विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था डीजीसीए, तिच्या नव्या ड्युटी नियमांनंतर इंडिगोच्या हजारो फ्लाइट्स रद्द झाल्या तेव्हा ५ तारखेला डीजीसीएने मागे घेतलेली सूचना नेमकी हीच होती, की साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरायची नाही.