गोळा फिरतोय, मग गॅरेज का निवेना?

औशाजवळच्या माझ्या चुलतभावाने पेरणीआधी घरच्या सोयाबीनची उगवण तपासली. ओल्या पोत्यात शंभर दाणे गुंडाळून ठेवले, त्यातले अठ्ठावन्न उगवले. प्रमाणित बियाण्याची उगवण निदान ७० टक्के असावी लागते. बियाणं दिवाळीपासून गॅरेजच्या पोटमाळ्यावर होतं, आणि गॅरेजला पत्रे आहेत. सोयाबीनचा दाणा मुळात नाजूक, उन्हाळाभर भाजला की त्यातला जीव जातो. भावाची तक्रार मात्र बियाण्याची नव्हती. मार्चमध्येच त्याने पत्र्यावर टर्बो व्हेंटिलेटर बसवला होता. कारखान्यांच्या छतावर फिरताना दिसतो, तो चकचकीत गोळा. "अण्णा, गोळा तर गरागरा फिरायलाय, मग आत भट्टी का व्हायली?"

मी थर्मामीटर आणि उदबत्ती घेऊन गेलो. दुपारी तीनला बाहेर सावलीत ४२ अंश, पोटमाळ्यावर ५२. शटर बंद करून उदबत्ती गोळ्याच्या तोंडाशी धरली. वर गोळा फिरत होता आणि खाली धूर जागच्या जागी घुटमळत होता. मग शटर चार बोटं वर उचललं. धुराची सरळ रेघ गोळ्यात शिरली.

तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो. एकच पाडलं तर तेल गचके खात येतं, कारण बाहेर गेलेल्या तेलाची जागा घ्यायला हवेला वाट नसते. गॅरेजचंही तसंच आहे. आत येणाऱ्या हवेला वाट नसेल तर बाहेर जाणारीही अडते. गोळ्याची पाती वाऱ्याने फिरतात, खालून हवा येवो न येवो. तो फिरतोय एवढ्यावरून हवा बाहेर पडतेय असं समजायचं, तर स्वयंपाकघरातला पंखा फिरला की पोळी भाजली असंही समजावं लागेल.

आता माझ्या आवडीचा भाग, जरा आकडे सोसा. गरम हवा वर जाते असं शाळेत शिकवतात, पण ती आपणहून जात नाही. बाहेरची जड हवा तिला खालून ढकलते. मराठवाड्याच्या उंचीवर ४२ अंशाच्या एक घनमीटर हवेचं वजन सुमारे १.०५ किलो भरतं, ५२ अंशाच्या हवेचं १.०२ किलो. फरक तीसेक ग्रॅमचा. खालची खिडकी आणि वरचं भोक यांत अडीच मीटर उंची धरली, तर या फरकातून जो दाब तयार होतो तो सुमारे ०.८ पास्कल. हा दाब केवढा? झेरॉक्सचा ८० ग्रॅमचा एक कागद टेबलावर पसरला की तो टेबलाला जेवढा दाबतो, बरोबर तेवढा. अख्ख्या गॅरेजची गरम हवा बाहेर काढायला निसर्गाने आपल्याला एका कागदाचं वजन दिलंय.

म्हणून इथे उधळपट्टी चालत नाही. तो दाब आत येताना आणि बाहेर जाताना अशा दोन ठिकाणी वाटला जातो. खालचं भोक लहान असेल तर सगळा दाब तिथेच संपतो, वर कितीही मोठा गोळा लावा. दोन्हीकडे एकेक चौरस फूट मोकळी जागा असेल आणि वारा पडलेला असेल, तर हवा तासाला साधारण १७० घनमीटर वाहते. भावाचं गॅरेज दहा बाय अठरा फुटांचं आणि दहा फूट उंच, म्हणजे जवळपास ५१ घनमीटर. सतरा-अठरा मिनिटांत आतली हवा एकदा बदलली. उंची दुप्पट केली तर प्रवाह फक्त १.४ पट होतो, कारण तो उंचीच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. दोन्ही भोकांचं क्षेत्रफळ दुप्पट केलं तर मात्र सरळ दुप्पट. आणि मोकळी जागा म्हणजे जाळीच्या तारा वजा जाता उरलेली. उंदरांसाठी बारीक जाळी लावली तर भोक त्या मानाने मोठं ठेवायला हवं.

अमेरिकेत घरांच्या पोटमाळ्याला दर १५० चौरस फुटांमागे १ चौरस फूट हवेची वाट ठेवायचा जुना नियम आहे, अर्धी वर, अर्धी खाली ठेवली तर ३०० मागे १ चालते. पण तो नियम मुख्यतः ओलाव्यासाठी आहे. आपल्या मे महिन्याला तो पुरायचा नाही.

आपल्याकडे हे ज्ञान नव्हतं असं नाही. माळवदाच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या घरात वर सानं, म्हणजे झरोका असायचा, धूर आणि गरम हवा तिथून जायची, खाली दार उघडं असायचंच. वर मातीचा जाड थर, तो दुपारचं ऊन रात्रीपर्यंत आत पोचू द्यायचा नाही. पण तीच माती ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माणसांवर कोसळली. त्यानंतर माळवदाखाली झोपायची लोकांना भीती बसली, आणि ती खरीच होती. हलका पत्रा जीव घेत नाही, तापतो मात्र. माळवद गेलं त्याचं मला दुःख नाही, सानंही सोबत गेलं याचं आहे.

एक वास्तुतज्ज्ञ भावाला सांगून गेले होते की खिडकी ईशान्येलाच हवी. आमच्याकडे उन्हाळ्यात वारा बहुतेक पश्चिम-वायव्येकडून येतो, तो पंचांग बघून दिशा बदलत नाही. आम्ही पश्चिमेच्या भिंतीत जमिनीलगत सिमेंटच्या जाळ्या बसवल्या, एकूण चार चौरस फुटांच्या. आढ्याशी आणखी एक गोळा लावला.

पण खरी गोम वेगळीच. "उष्णता वर जाते" हे वाक्यच अर्धवट आहे. वर जाते ती गरम हवा. उष्णता प्रारणाने, म्हणजे उन्हासारखी सरळ किरणांनी, सगळ्या दिशांना जाते, खालीही. स्टेफान-बोल्ट्झमानचा नियम सांगतो की प्रारण निरपेक्ष तापमानाच्या (उणे २७३ अंशांपासून मोजलेल्या) चौथ्या घातानुसार वाढतं. पत्रा ६५ अंशाला गेला की दर चौरस मीटरमागे साधारण ७४० वॉट सोडतो, खालची ४० अंशाची फरशी त्याला ५४० च्या आसपास परत करते. फरक २०० वॉट. दहा बाय अठरा फुटांच्या छताला गुणा, तीनेक किलोवॉट झाले. रंगवलेल्या पत्र्याचं थोडं कमी. दीड गिझर डोक्यावर उलटा टांगल्यासारखं. आणि एका चौरस फुटाची आपली लाडकी खिडकी बाहेर नेते फक्त पाचशे वॉट.

म्हणजे हवेची वाट हवीच, पण आधी पत्रा कमी तापायला हवा. पांढरा चुना किंवा पांढरा रंग ऊन परतवतो. चुना पावसात वाहून जातो, दर फाल्गुनात पुन्हा मारावा लागतो. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचं सरकारी धोरणच आणलं. पत्र्याखाली चमकदार फॉइल लावायची तर पत्रा आणि फॉइल यांत बोटभर पोकळी सोडा, आणि चमकती बाजू खाली ठेवा, वर केली तर धूळ बसून तिचा उपयोग जातो. "१५ अंश कमी" अशी जाहिरात दिसली की एवढंच विचारा, पत्र्याचं तापमान की हवेचं?

चुना आणि जाळ्या झाल्यावर पुन्हा मोजलं. बाहेर ४१, पोटमाळ्यावर ४५. बियाणं मी तरीही घरातल्या थंड खोलीत, फळीवर ठेवायला लावलं, ४५ अंशही सोयाबीनला जास्तच. वर आता मोडकी तिफण आणि वहिनींचे पितळी हंडे आहेत.