अल्पखर्चाचे परदेशवास्तव्य

ज्या देशातून आपले उत्पन्न येते, त्यापेक्षा राहणीचा खर्च कमी असलेल्या दुसऱ्या देशात जाऊन त्याच उत्पन्नावर दीर्घकाळ किंवा कायमचे राहण्याच्या प्रथेस अल्पखर्चाचे परदेशवास्तव्य म्हणता येईल. पोटापाण्यासाठी होणाऱ्या स्थलांतराच्या ही नेमकी उलट गोष्ट आहे. मजुरीसाठी निघालेला माणूस जिकडे दाम जास्त मिळतो तिकडे जातो. येथे माणूस मिळकत मायदेशी ठेवतो आणि जिकडे दर कमी आहेत तिकडे जाऊन राहतो. निवृत्तिवेतनधारक हा या प्रथेतील जुना आणि मोठा वर्ग असून, संगणकावर दुरून काम करणाऱ्या तरुणांची भर त्यात मुख्यतः २०२० नंतर पडली. अशा लोकांसाठी ‘एक्सपॅट’ हा शब्द सर्रास वापरला जातो, परंतु तो सरळ नाही. दुबईत गेलेल्या रत्नागिरीच्या गवंड्याला कोणी एक्सपॅट म्हणत नाही, आणि मेक्सिकोत स्थायिक झालेल्या अमेरिकन शिक्षकाला कोणी स्थलांतरित म्हणत नाही; म्हणून या नोंदीत ‘परदेशस्थ’ हा साधा शब्द वापरला आहे.

एखादा देश ‘स्वस्त’ आहे असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा त्याचा अर्थ तेथील मजुरी कमी आहे, असा असतो. घरभाडे, धुणीभांडी, दाढी-कटिंग, रिक्षाभाडे, दवाखान्यातील तपासणी, स्थानिक भाजीपाला अशा ज्या गोष्टींच्या किमतीत तेथल्या माणसाचे श्रम किंवा तेथली जमीन मुरलेली असते, त्याच गोष्टी परदेशस्थाला स्वस्त पडतात. मोबाइल, मोटार, पेट्रोल, आयात केलेले चीज किंवा वाइन यांना जवळजवळ जगाचा भाव लागतो, किंबहुना जकातीमुळे तो चढाच असतो. त्यामुळे जुन्या सवयींसकट गेलेल्या माणसाची बचत फारशी होत नाही आणि स्थानिक बाजाराशी जुळवून घेणाऱ्याची खूप होते. या सर्व हिशेबावर विनिमय दराची टांगती तलवार असते, ती वेगळीच.

ही प्रथा नवी नाही. १८१५ मध्ये नेपोलियनबरोबरची युद्धे संपल्यावर अर्ध्या पगारावर घरी बसलेले इंग्रज लष्करी अधिकारी, तुटपुंज्या व्याजावर जगणारी कुटुंबे आणि सावकारांना चुकवणारे लोक खाडी ओलांडून बूलोन्य, कॅले, ब्रसेल्स, फ्लॉरेन्स येथे राहू लागले. लंडनमध्ये पोशाखाचे मानदंड ठरवणारा बो ब्रमेल १८१६ मध्ये कर्जापायी कॅलेला पळाला आणि पुन्हा मायदेशी परतलाच नाही. पहिल्या महायुद्धानंतर फ्रँक घसरल्याने पॅरिस अमेरिकनांना स्वस्त झाले. जुलै १९२६ मध्ये एका डॉलरला पन्नासच्या आसपास फ्रँक मिळू लागले, तेव्हा महागाईने पोळलेल्या पॅरिसकरांनी परदेशी पर्यटकांच्या बसगाड्या अडवून त्यांची हुर्यो उडवली. त्याच वर्षाच्या अखेरीस फ्रँक पंचविसाच्या आसपास स्थिरावला आणि डॉलरवर जगणाऱ्यांची क्रयशक्ती निम्म्यावर आली. आजच्या प्रथेतील दोन्ही पेच, म्हणजे चलनाची लहर आणि यजमान लोकांचा रोष, त्या एका वर्षात स्पष्ट दिसतात.

चपाला सरोवराचे उदाहरण : मेक्सिकोच्या हालिस्को राज्यातील चपाला हे त्या देशातील सर्वांत मोठे नैसर्गिक सरोवर. त्याच्या उत्तर काठावरील चपाला आणि आहीहीक ही गावे म्हणजे अमेरिका व कॅनडातील निवृत्तांच्या जुन्या वसाहतींपैकी एक. अक्षांश जवळजवळ नाशिकचा, परंतु उंची दीड हजार मीटरच्या आसपास. पाऊसही आपल्यासारखाच जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, तोही बराचसा रात्रीचा. घर गरम वा थंड करण्याची गरज जवळपास पडत नाही, आणि मिनेसोटा किंवा मॅनिटोबासारख्या थंडीच्या मुलखातून आलेल्या माणसाला ही बचत पहिल्याच महिन्याच्या बिलात दिसते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सरकारने माजी सैनिकांना शिक्षणासाठी भत्ता दिला. तो घेऊन अनेक जण मेक्सिकोतील सान मिगेल दे आयेंदे आणि ग्वादालाहारा येथे शिकायला आले, कारण त्या भत्त्यात तेथे सुखाने भागत असे. चपालाच्या परदेशस्थांची संस्था, लेक चपाला सोसायटी, १९५५ मध्ये स्थापन झाली.

आहीहीकला दर बुधवारी आठवडी बाजार भरतो, त्याला ‘तियांगीस’ म्हणतात. रस्त्याच्या दुतर्फा ताडपत्र्या बांधलेल्या असतात. आंबे, आवोकाडो, काटे तासून सोललेली निवडुंगाची पाने, तळलेले मासे असा माल मांडलेला असतो. मक्याच्या तोर्तिया दुकानातून वजनावर मिळतात. तव्यावरून उतरलेली चळत दुकानदार कागदात गुंडाळून देतो आणि घरी पोहोचेपर्यंत कागद ओलसर झालेला असतो. या बाजारावर जगणाऱ्या कुटुंबाचा खर्च आणि ‘परदेशी माल’ ठेवणाऱ्या दुकानातून सामान आणणाऱ्या शेजाऱ्याचा खर्च यांत मोठे अंतर पडते. दोघेही ‘मेक्सिकोतला खर्च’ म्हणून आपापला आकडा सांगतात, हे इच्छुकांनी ध्यानात ठेवावे.

चलनाचे गणितही येथेच मांडून पाहता येते. एप्रिल २०२० मध्ये एका डॉलरला सुमारे २४ पेसो मिळत होते; एप्रिल २०२४ मध्ये सुमारे साडेसोळा. दोन हजार डॉलरचे मासिक निवृत्तिवेतन घेणाऱ्याच्या हातात पहिल्या वेळी ४८,००० पेसो आले, तर दुसऱ्या वेळी ३३,०००. दरम्यान भाडे आणि किराणा वाढलेलाच होता. मायदेशी पेन्शनमध्ये एक पैसा कपात झालेली नसताना जवळजवळ तृतीयांश उत्पन्न असे गळून पडते, आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची कोणतीही जागा नसते.

घरखरेदीबाबत मेक्सिकोच्या १९१७ च्या राज्यघटनेचे सत्ताविसावे कलम महत्त्वाचे आहे. समुद्रकिनाऱ्यापासून ५० आणि सरहद्दीपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी व्यक्तीस जमिनीची थेट मालकी मिळत नाही. तेथे बँकेच्या नावे न्यास करून पन्नास वर्षांच्या, पुढे वाढवता येणाऱ्या मुदतीने घर घ्यावे लागते. चपाला या पट्ट्याबाहेर असल्याने खरेदीखत थेट स्वतःच्या नावे होते. खरा धोका ‘एहिदो’ जमिनींचा. क्रांतीनंतर गावकऱ्यांना सामूहिक कसण्यासाठी दिलेल्या या जमिनी १९९२ च्या घटनादुरुस्तीपासून खासगी मालकीच्या करता येतात, पण ती प्रक्रिया पूर्ण झालेली नसेल तर खरेदीदाराच्या हाती केवळ कागद राहतो. आपल्याकडील भोगवटादार वर्ग-२ ची जमीन परवानगीशिवाय घेणाऱ्याची जी गत होते, तीच येथेही. मेक्सिकोतील ‘नोतारियो’ हा आपल्याकडील शिक्का मारून देणारा नोटरी नसून, राज्याने नेमलेला ज्येष्ठ वकील असतो. दस्ताची तपासणी आणि नोंद त्याच्यामार्फतच होते.

राहण्याचा परवाना : पर्यटक म्हणून जाणे आणि रहिवासी म्हणून जाणे यांतला फरक कळला नाही, तर सगळी योजना कोसळते. मेक्सिकोचा निवासव्हिसा साधारणपणे मायदेशातील मेक्सिकन वकिलातीतच मिळवावा लागतो. देशात शिरल्यावर तीस दिवसांत स्थलांतर कार्यालयात जाऊन त्याचे कार्डात रूपांतर करायचे असते. तात्पुरते निवासपत्र चार वर्षांपर्यंत मिळते, त्यानंतर कायमचे. या निवासपत्रासाठी लागणाऱ्या उत्पन्नाची अट बराच काळ मेक्सिकोतील किमान वेतनाच्या पटीत मोजली गेली. हे वेतन २०१८ मध्ये दिवसाला ८८.३६ पेसो होते, ते २०२५ मध्ये २७८.८० झाले. गरीब मेक्सिकन कामगाराला मिळालेल्या या रास्त वाढीने परदेशस्थासाठी दाराचा उंबरठाही उंचावला.

पनामात दरमहा किमान एक हजार डॉलरचे आजीवन निवृत्तिवेतन दाखवले की ‘पेन्सिओनादो’ परवाना मिळतो. तेथे डॉलरच चालत असल्याने अमेरिकनांना विनिमयाची धास्ती नाही. इक्वेडोरने २००० मध्ये डॉलर स्वीकारल्याने तेथेही तेच. थायलंडमध्ये वयाची पन्नाशी ओलांडलेल्यांना थाई बँकेत आठ लाख बाट किंवा दरमहा ६५,००० बाट उत्पन्न दाखवून वर्षभराची मुदत मिळते, ती दरवर्षी वाढवून घ्यावी लागते आणि दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता कळवावा लागतो. जमीन परदेशी माणसाच्या नावे होत नाही. इमारतीतील सदनिका घेता येते, पण तीही एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांच्या मर्यादेत. वीस वर्षे चिअंग माईत राहिलेला माणूसही कायद्याच्या दृष्टीने वर्षभराचा पाहुणाच असतो.

यजमान देश नियम बदलतात, तेही अनेकदा अचानक. मलेशियाने २००२ मध्ये ‘मलेशिया माझे दुसरे घर’ ही योजना आणली आणि २०२१ मध्ये तिच्या अटी इतक्या कडक केल्या की मासिक उत्पन्नाची अट ४०,००० रिंगिटवर गेली. पोर्तुगालने २००९ मध्ये नव्या रहिवाशांना करसवलती देऊ केल्या. परदेशी निवृत्तिवेतनावर तेथे करच लागत नसे. उत्तरेकडील देशांना हे खपले नाही. आपल्या खजिन्यातून गेलेली पेन्शन कुठेच करपात्र ठरत नाही, असे पाहून फिनलंडने पोर्तुगालबरोबरचा करविषयक करार मोडला. तो २०१९ पासून संपला, आणि २०२२ पासून स्वीडनचाही. पोर्तुगालने २०२० मध्ये दहा टक्के कर लावला आणि २०२४ पासून ही जुनी योजना नव्या अर्जदारांसाठी बंद केली. ब्रेक्झिटनंतर, १ जानेवारी २०२१ पासून, स्पेनच्या किनाऱ्यावर हिवाळा काढणाऱ्या ब्रिटिश घरमालकांना निवासपरवाना नसल्यास १८० दिवसांत ९० दिवसच राहता येऊ लागले. घर स्वतःचे, पण त्यात राहण्याची मुदत दुसऱ्याने ठरवलेली.

कर, निवृत्तिवेतन आणि आजारपण : अमेरिका आपल्या नागरिकांवर ते जगात कोठेही राहिले तरी कर आकारते. ब्रिटनचे सरकारी निवृत्तिवेतन युरोपीय संघातील देशांत किंवा अमेरिकेत राहणाऱ्याला दरवर्षी वाढवून मिळते. थायलंड, भारत, कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथे राहणाऱ्यासाठी मात्र ते पहिल्या दिवसाच्या रकमेवर गोठते. निवृत्तिवेतन सुरू होताच थायलंडला गेलेल्या ब्रिटिश माणसाला वीस वर्षांनंतरही तोच आकडा मिळतो. या एका नियमाने जितके वृद्ध अडचणीत येतात, तितके क्वचितच दुसऱ्या कशाने येत असतील.

अमेरिकेतील वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा, मेडिकेअर, सर्वसाधारणपणे देशाबाहेर चालत नाही. मेक्सिकोत कायदेशीर रहिवाशाला वयानुसार ठरलेली वार्षिक रक्कम भरून तेथील सामाजिक विमा संस्थेत नाव घालता येते, मात्र आधीपासूनचे अनेक आजार त्यातून वगळलेले असतात. चपालाचे परदेशस्थ शस्त्रक्रियेसाठी ग्वादालाहाराच्या खासगी रुग्णालयांत जातात. मायदेशाच्या तुलनेत खर्च कमी, पण रोख. साठीत हे सारे सोपे वाटते. ऐंशीत स्मृती सरू लागते, मागाहून शिकलेली स्पॅनिश आधी विसरते, जोडीदार गेलेला असतो आणि मुले दोन हजार किलोमीटरवर असतात. परदेशवास्तव्याची योजना करताना भाडे आणि भाजीचा हिशेब सगळे मांडतात. शेवटच्या पाच वर्षांचा हिशेब मांडणारे थोडे, आणि खरा खर्च तेथेच असतो.

जपानमध्ये हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आला होता. तेथील व्यापार मंत्रालयाने १९८६ मध्ये निवृत्तांच्या परदेशी वसाहतींची ‘सिल्व्हर कोलंबिया’ योजना मांडली, तेव्हा देश आता म्हाताऱ्यांचीही निर्यात करणार का, अशी टीका झाली आणि योजना मागे पडली.

यजमान समाजावरील परिणाम : परदेशस्थांमुळे गावात पैसा येतो, बागकाम, स्वयंपाक, बांधकाम, शुश्रूषा अशी कामे निघतात, हे खरे आहे. परंतु भाडे डॉलरमध्ये मागता येऊ लागले की घरमालक पेसोत कमावणाऱ्याला घर का देईल? आहीहीकमध्ये कामाला येणारी कितीतरी माणसे आता शेजारच्या गावांतून बसने येतात. ४ जुलै २०२५ रोजी मेक्सिको सिटीच्या रोमा आणि कोन्देसा भागांत भाडेवाढीविरुद्ध मोर्चा निघाला, त्याचा रोख दुरून काम करणाऱ्या परदेशी भाडेकरूंवर होता. मोर्चेकऱ्यांचे म्हणणे समजण्यासारखे आहे. परदेशस्थाला जी स्वस्ताई वाटते, ती त्यांच्यासाठी स्वतःच्या पगाराची पातळी असते. फरक एवढाच, की परदेशस्थ ती सोडून जाऊ शकतो.

भारताचा संबंध : रुपयात पेन्शन मिळवणाऱ्यास भारतापेक्षा स्वस्त आणि सोयीचे देश फारसे नाहीत, म्हणून ही प्रथा येथून बाहेर जाण्यापेक्षा येथे येण्याच्या रूपात अधिक दिसते. गोव्यात हणजूणला १९६० च्या दशकापासून पाश्चात्त्य तरुण येत राहिले आणि पुढे मोरजीला रशियनांचा हंगामी मुक्काम पडू लागला. परंतु भारतात निवृत्तांसाठी वेगळा व्हिसा नाही. परकीय चलन कायद्यानुसार, भारतीय वंशाच्या नसलेल्या परदेशी नागरिकास स्थावर मालमत्ता घेण्यासाठी आधी ‘निवासी’ ठरावे लागते, आणि त्यासाठी मागील आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा अधिक वास्तव्य व राहण्याचा तसा उद्देश, दोन्ही लागतात. पर्यटक व्हिसावरचा मुक्काम मात्र १८० दिवसांपलीकडे जात नाही. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याची मुभा आहे.

अमेरिकेत हयात घालवून पुण्याला, नाशिकला किंवा कोल्हापूरला परतणारे मराठी निवृत्त हेही अर्थशास्त्राच्या दृष्टीने याच प्रथेत बसतात: उत्पन्न डॉलरचे, खर्च रुपयाचा. परतल्यावर पहिली साधारण दोन ते तीन वर्षे प्राप्तिकर कायद्यात त्यांना ‘सामान्यतः निवासी नसलेला’ असा दर्जा मिळू शकतो आणि बहुतेक परदेशी उत्पन्न करातून सुटते. अमेरिकन नागरिकत्व घेतलेल्यांना, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांसाठी असलेल्या ओसीआय कार्डावर आयुष्यभर राहता येते, सदनिका घेता येते, मतदान करता येत नाही. शेतजमीनही विकत घेता येत नाही. वडिलांच्या पश्चात गावच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून त्यांचे नाव लागू शकते. शेजारचे शेत विकायला निघाले, तर ते मात्र त्यांना घेता येत नाही.