प्रायमरीनंतरचे मतदान

प्रायमरी (प्राथमिक निवडणूक) ही सार्वत्रिक निवडणुकीतला पक्षाचा उमेदवार मतदारांनीच ठरविण्याची अमेरिकी पद्धत होय. तीत आपला उमेदवार हरला की काही समर्थक नोव्हेंबरातील मतदानाकडे पाठ फिरवतात, काही विरोधी पक्षाकडे वळतात. अशा मतदाराच्या मताला पुढे काय वजन उरते, हा या नोंदीचा विषय आहे.

पद्धतीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. पेनसिल्व्हेनियातील क्रॉफर्ड परगण्यात डेमोक्रॅटिक पक्षाने १८४२ च्या सुमारास प्रतिनिधींच्या मेळाव्याऐवजी थेट मतदानाने उमेदवार निवडले. पुढे तेथील रिपब्लिकनांनीही ही रीत उचलली. जुन्या लेखनात तिला ‘क्रॉफर्ड परगणा पद्धत’ म्हटलेले आढळते. पण तो पक्षाचा घरचा कारभार होता, कायद्याचे बंधन त्याला नव्हते. राज्यव्यापी सक्तीच्या प्रायमरीचे श्रेय सामान्यतः विस्कॉन्सिनचे गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट यांना देतात. तेथील कायद्यावर १९०४ मध्ये सार्वमताचे शिक्कामोर्तब झाले. ऑरेगनच्या मतदारांनीही त्याच वर्षी असा कायदा करून घेतला. कायद्याने बांधलेली पद्धत हाच आरंभ मानणे अधिक सयुक्तिक दिसते. अध्यक्षपदाच्या उमेदवारीत मात्र प्रायमरीचा कौल निर्णायक ठरू लागला तो १९७२ पासून. १९६८ मध्ये ह्यूबर्ट हंफ्री प्रायमरींच्या रिंगणात न उतरताच डेमोक्रॅटिक उमेदवार झाले होते.

चुरशीच्या प्रायमरीमुळे पक्षाचे नोव्हेंबरात नुकसान होते का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. अँड्र्यू हॅकर यांना १९६५ च्या अभ्यासात तसा ठळक परिणाम आढळला नाही. मुळात दुबळ्या उमेदवारालाच पक्षातून आव्हान मिळते, हे स्पष्टीकरण त्यामुळे विचारात घ्यावे लागते. २०१६ च्या निवडणुकोत्तर सर्वेक्षणावरून, डेमोक्रॅटिक प्रायमरीत हरलेल्या बर्नी सँडर्स यांना तीत मत देणाऱ्यांपैकी सुमारे १२ टक्के रिपब्लिकन उमेदवार ट्रम्प यांच्याकडे गेले, असा अंदाज आहे. त्या वर्षी मिशिगनमध्ये ट्रम्प व डेमोक्रॅटिक उमेदवार हिलरी क्लिंटन यांच्यातला फरक ११,००० मतांहूनही कमी होता; तरी या गळतीमुळेच निकाल फिरला, असे खात्रीने म्हणवत नाही. यांतल्या काहींनी एरवीही डेमोक्रॅटिक पक्षाला मत दिले असते, असे दिसत नाही.

हरलेल्या उमेदवाराला त्याच निवडणुकीत पुन्हा उभे राहण्यास बहुतेक राज्यांत कायद्याने मज्जाव आहे. कनेक्टिकट त्यास अपवाद. तेथे सिनेटर जो लीबरमन २००६ ची प्रायमरी हरले आणि अपक्ष म्हणून निवडून आले. अलास्कात २०१० मध्ये प्रायमरी हरलेल्या सिनेटर लिसा मर्कोव्स्की यांचे नाव छापील मतपत्रिकेवर नसल्याने त्यांच्या समर्थकांना मतपत्रिकेवर त्यांचे आडनाव हाताने लिहावे लागले. ते लिहिताना पुष्कळांची अक्षरे चुकली. अशी मते बाद करावीत, ही प्रतिस्पर्ध्याची मागणी न्यायालयाने फेटाळली; मतदाराचा हेतू कळला की पुरे, असे ठरले. मर्कोव्स्की विजयी झाल्या. प्रायमरीतल्या पराभवानंतरही मतदार निकाल बदलू शकतो, याचे हे सर्वांत स्पष्ट उदाहरण. मात्र ते विरळाच.

आपला उमेदवार हरल्यावरही मतदानाला जाण्याचे नेहमीचे कारण याहून साधे आहे. नोव्हेंबरची मतपत्रिका लांबलचक असते. अध्यक्षाच्या नावाखाली काँग्रेस (अमेरिकी संसद), राज्य विधिमंडळ, शेरीफ (परगण्याचा पोलीसप्रमुख), कित्येक ठिकाणी न्यायाधीश व शाळा मंडळ यांच्या जागा असतात. वरच्या एका नावावर रुसून घरी बसणारा या सर्वांवरचे मत गमावतो. वरचा रकाना कोरा ठेवून खालचे भरता येतात, हे पुष्कळदा लक्षात घेतले जात नाही. खालच्या जागांवर फरकही फार थोडा असू शकतो. व्हर्जिनियाच्या प्रतिनिधीगृहाच्या ९४ व्या मतदारसंघात २०१७ मध्ये डेव्हिड यान्सी व शेली सायमंड्स यांना प्रत्येकी ११,६०८ मते पडली. जानेवारी २०१८ मध्ये दोघांच्या नावांच्या चिठ्ठ्या फिल्मच्या डब्यांत घालून चिनीमातीच्या वाडग्यातून एक काढण्यात आली. चिठ्ठी यान्सी यांची निघाली आणि सभागृहात रिपब्लिकनांचे ५१–४९ असे बहुमत टिकले.

भारतात उमेदवारी पक्षश्रेष्ठींकडून ठरते. काँग्रेसने २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी मोजक्या मतदारसंघांत प्रायमरीचा प्रयोग केला; महाराष्ट्रातील लातूर व वर्धा त्यांत होते. मतदान पक्षाच्या पदाधिकाऱ्यांपुरते असल्याने सर्वसामान्य मतदाराचा त्याच्याशी संबंध आला नाही.