मृतसाठ्यातले मासे: मराठवाड्यातली तळी आणि सुरक्षित गळ

"मामा, हे तळं शेवटचं कव्हा आटलं व्हतं?"

नव्या पाण्यावर गेलो की माझा पहिला प्रश्न हाच असतो. खोली किती, मासा कोणता, मोठ्यात मोठा केवढा निघाला, हे सगळं नंतर. बांधावर जाळ्यातला काडीकचरा काढत बसलेला भोईमामा मान वर करतो आणि आठवायलाही थांबत नाही. "सोळाला. जिथं तुम्ही हुबे हाव ना, तिथं पोरं क्रिकेट खेळत व्हती."

एवढ्यावरून बरंच कळतं. सोळा साली तळ्याचा तळ उघडा पडला असेल तर आज त्यातला सगळ्यात म्हातारा मासा त्यानंतर सोडलेला असणार. हौशी मासेमारीवरचे परदेशी व्हिडिओ बघून आलेली पोरं विचारतात, "इथं वीस किलोचा कटला असंल का?" त्याचं उत्तर पाऊसपाण्याच्या नोंदीत असतं. मराठवाड्यातल्या तळ्यांचा इतिहास म्हणजे ती कधी बांधली आणि कधी कोरडी पडली याचा इतिहास. दोरी तुटली तरी मासा मरणार नाही असा गळ कसा बांधायचा, हेही शेवटी तिथूनच ठरतं.

साठवलेलं पाणी इथं नवं नाही. कंधारचा जगत्तुंग समुद्र राष्ट्रकूटांच्या काळातला, म्हणजे हजार वर्षांहून जुना. दुष्काळी मुलखात राजानं तलाव बांधून त्याला थेट समुद्र म्हणावं, यावरूनच पाण्याची किंमत कळते. गळाने मासे धरण्याच्या शौकाबद्दलचं आपल्याकडचं सगळ्यात तपशिलवार जुनं लिखाणही याच टापूतलं आहे. उमरगा-निलंग्याच्या हद्दीपलीकडे कल्याणी, आजचं बसवकल्याण, ही चालुक्यांची राजधानी होती. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सगळं त्यात आहे आणि राजाच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरण आहे. माशांचे प्रकार, कुणाला काय खायला घालावं, दोरी, काठी, गळ असा सगळा सरंजाम त्यात येतो. विसाव्या शतकात मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या प्रकरणावर स्वतंत्र लेख लिहिला, तेव्हा ते संस्कृतच्या अभ्यासकांबाहेर पोचलं. आज सरकी पेंड आणि गुळाचा गोळा मळत बसलेल्या माणसाला आपण राजाचा खेळ खेळतोय याचा पत्ता नसतो. आणि तो खेळताना राजाला कुणी पावती मागत नसे.

सोमेश्वराच्या वेळचे मासे आणि आपले मासे मात्र वेगळे. आज मराठवाड्यातल्या कुठल्याही तलावावर रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस हीच नावं ऐकू येतात, आणि हा मासा जवळपास सगळा सोडलेला असतो. सायप्रिनस, म्हणजे इंग्रजांचा कॉमन कार्प, भारतात आला १९३९ मध्ये श्रीलंकेहून, तोही निलगिरीच्या थंड पाण्यात. उष्ण मैदानी पाण्यात टिकणारी त्याची जात १९५७ मध्ये बँकॉकहून आली. गवत्या (ग्रास कार्प) आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) हे दोघे चिनी पाहुणे १९५९ चे.

पण खरा फरक पडला तो १० जुलै १९५७ रोजी. रोहू, कटला, मृगळ हे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून तोवर बीज नदीतून गाळून गोळा करावं लागे, आणि त्यात नको त्या माशांची पिल्लंही येत. ओडिशात मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी माशाच्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांकडून तळ्यातच अंडी घालवून घेतली. तो दिवस आजही राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. तिथून पुढे मत्स्यबीज तयार करता येऊ लागलं. त्याची नावं मोठी छान आहेत: जिऱ्याएवढं ते मत्स्यजिरे, त्याहून मोठी अर्धबोटुकली आणि बोटाएवढी झाली की बोटुकली. ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून ही जनता टेम्पोत बसून गावोगाव जाते.

गळवाल्याच्या दृष्टीने यातली कामाची गोष्ट अशी. ज्या तळ्यात वर्षानुवर्षं कुणी बीज सोडलेलं नाही आणि तरी मासा उसळतोय, तिथं रोहू-कटला शोधण्यात दिवस घालवू नये. तो सायप्रिनस तरी असतो, नाहीतर चिलापी, म्हणजे टिलापिया. हे दोघे साचलेल्या पाण्यातच वाढतात आणि वाढवतात. सायप्रिनस पाणवनस्पतींना अंडी चिकटवतो, त्याला पूर लागत नाही.

मासा आला, पण पाणी कुठून आलं? निजामाच्या राज्यातून १९४८ मध्ये सुटलेला मराठवाडा १९५६ ला मुंबई राज्यात आणि १९६० ला महाराष्ट्रात आला तेव्हा मोठी धरणं नव्हतीच म्हटलं तरी चालेल. जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १८ ऑक्टोबर १९६५ ला झाली आणि लोकार्पण इंदिरा गांधींच्या हस्ते २४ फेब्रुवारी १९७६ ला. पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर, सिंदफणेवर माजलगाव, मांजरेवर धनेगावचं धरण, तेरणेवर माकणी, नांदेडला विष्णुपुरी ही सगळी स्वातंत्र्यानंतरची.

मधल्या काळात बहात्तरचा दुष्काळ पडला. लाल मिलो आणि सुकडी खाऊन लाखो बायामाणसांनी दुष्काळी कामांवर माती उपसली, आणि त्यातून गावोगाव पाझर तलाव उभे राहिले. पुढे रोजगार हमीवर आणखी झाले. मराठवाड्यातल्या गावाबाहेरचं जे तळं तुम्हाला 'जुनं' वाटतं, ते बहुतेक वेळा कुणाच्या तरी आजीच्या डोक्यावरच्या टोपल्यांनी झालेलं असतं. पण पाझर तलावाचं कामच मुळी पाझरण्याचं. पाणी जमिनीत मुरून खालच्या विहिरींना लागावं म्हणून तो बांधलेला. गुढीपाडव्यापर्यंत त्यात चिखल उरतो. तिथं मासा वर्षभराचा: पावसाळ्यात सोडायचा, उन्हाळ्याच्या तोंडाला जाळं मारून काढायचा. चांगलं खाद्य मिळालं तर तेवढ्यात कटला किलोच्या आसपास जातो. मुलांना गळ शिकवायला हे तळं उत्तम. मोठ्या माशाची आशा मात्र तिथं धरू नये.

मोठा मासा राहतो तो मृतसाठ्यात. धरणाच्या कालव्याच्या दारापेक्षा खाली उरलेलं, बाहेर सोडता न येणारं पाणी म्हणजे मृतसाठा. इंजिनिअर लोकांच्या लेखी ते पाणी मेलेलं. जायकवाडीची क्षमता सुमारे १०२ टीएमसी, त्यात २६ टीएमसी मृतसाठा. वर्तमानपत्रात 'जायकवाडी शून्य टक्क्यावर' असं छापून येतं तेव्हा जलाशयात २६ टीएमसीपर्यंत पाणी असू शकतं आणि त्यात मासा जिवंत असतो. छोट्या-मध्यम प्रकल्पांचं तसं नाही. तिथला मृतसाठा पंप लावून उपसला की तळ उघडा.

२०१६ मध्ये तेच झालं. धनेगावचं धरण आटलं आणि एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात कितीतरी तलावांच्या तळाशी भेगाळलेल्या गाळात माशांचे सांगाडे होते. पावसाळ्याच्या शेवटी त्याच वर्षी मांजरेला भरपूर पाणी आलं, बीज सोडलं गेलं, आणि तिथल्या माशांचं नवं शक सुरू झालं. म्हणून भोईमामाचं 'सोळाला' हे उत्तर मला कुठल्याही नकाशापेक्षा जास्त सांगतं. पुढची चौकशी त्याहून बारीक असते. सगळं आटलं होतं, की मधल्या डोहात पाणी होतं? डोह राहिला असेल तर मी दुसऱ्या दिवशी डबा बांधून जातो.

तळं शोधणं एक, आणि तिथं बसायला मिळणं दुसरं. पाटबंधाऱ्याच्या तलावांवरचा मासेमारीचा हक्क साधारणपणे मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतो. बीज त्यांनी विकत घेऊन सोडलेलं असतं. 'पाणी सरकारचं, मासा देवाचा' हे ऐकायला बरं, पण त्या मासळीवर कुणाचं तरी घर चालतं. संस्थेच्या माणसाला आधी भेटावं, तो म्हणेल ते पैसे द्यावेत, मासा सोडणार असाल तर तेही सांगावं. पहिल्यांदा तो हसतो. पकडून सोडायचा तर पकडायचा कामून, हा त्याचा प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे त्याला पटेल असं उत्तर अजून नाही. जायकवाडीचा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्यही आहे, तेव्हा तिथं वनविभागाला विचारल्याशिवाय काठ धरू नये. आणि हल्लीचा सोपा मार्ग म्हणजे शेततळं. २०१६ च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर प्लास्टिक अंथरलेली तळी शिवारोशिवार झाली आणि बऱ्याच जणांनी त्यात मासा सोडला. मालक ओळखीचा असेल तर परवानगीचा प्रश्न चहावर सुटतो. फक्त काठावर बुटाने किंवा काठीच्या टोकाने कागद फाटला तर पुन्हा त्या शेतात पाय ठेवता येणार नाही. कागद निसरडा असतो, पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. दोर बांधून ठेवल्याशिवाय मी तिथं पोरांना नेत नाही.

आता गळ. आपल्याकडे रोहू-कटल्यासाठी सर्रास वापरतात ती तारेची स्प्रिंग. तिच्यावर पेंड-कणकेचा गोळा थापायचा आणि भोवती आखूड दोऱ्यांवर चार-सहा गळ लोंबकळत ठेवायचे. मासा गोळा चोखायला येतो आणि एखादा गळ आत ओढतो. खायला मासा हवा असणाऱ्याला हे साधन बिनतोड आहे. दोरी तुटली की मात्र ते भयंकर. तोंडात एक गळ, बाकीचे पाच कल्ल्यात, डोळ्यात नाहीतर बाभळीत, आणि मागे स्प्रिंगचं लोढणं.

बाभळीचं विशेष सांगायला हवं. आपली धरणं मोकळ्या मैदानात भरलेली नाहीत. नाथसागराखाली, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाखाली, शंभरावर गावांचं शिवार गेलं. पाण्याखाली विहिरींचे कठडे, गोठ्यांच्या भिंती, बाभळीची खोडं आहेत. दोरी इथं तुटणारच, हे धरूनच गळ बांधावा लागतो.

मासा जगावा ही चिंता इंग्रजांनीही केली, पण वेगळ्या कारणाने: त्यांना तो पकडून पुन्हा सोडायचा होता. तिकडे १९५२ मध्ये रिचर्ड वॉकर यांनी रेडमायर नावाच्या छोट्या तळ्यात ४४ पौंडांचा, म्हणजे २० किलोचा कार्प धरला आणि तो मासा लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पुढे कित्येक वर्षं जगला. मोठा कार्प धरता येतो आणि जिवंत ठेवता येतो, हे त्यानंतर लोकांच्या मनात बसलं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी माशाचं खाणं टाकीत निरखून आमिष गळात खोचण्याऐवजी गळाखाली एका केसाने लोंबकळत ठेवलं. सुरुवातीला तो खरोखर माणसाचा केस होता. कार्प अन्न चोखून घेतो आणि नको ते थुंकतो. मोकळं आमिष तो बिनधास्त चोखतो आणि मागून येणारा उघडा गळ खालच्या ओठात बसतो. एकच गळ, तोही ओठात, त्यामुळे काढायला सोपा.

आपल्याकडे हा प्रकार सायप्रिनस आणि मृगळाला चालतो, कारण ते तळाशी खातात. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरात खातो. त्याला शिशाच्या वजनाने तळाशी बसवलेलं आमिष दाखवून उपयोग नाही. आमिषाला मी ज्वारीच्या घुगऱ्या नाहीतर भिजवून उकडलेला हरभरा घेतो. दाणे नीट शिजलेले हवेत, कच्चा दाणा माशाच्या पोटात फुगतो.

बांधणी अशी. वीतभर मऊ दोरीच्या टोकाला छोटा फासा, त्यात सुईने दोन-तीन हरभरे. दाणे गळाच्या वाकापासून किंचित खाली लोंबतील एवढं अंतर ठेवून दोरी नेढ्यातून मागून पुढे घ्यायची, दांडीवर सात-आठ वेढे खाली खाली द्यायचे आणि टोक पुन्हा नेढ्यातून मागूनच काढायचं. आवळण्याआधी थुंकीने ओलं करायचं, नाहीतर नायलॉन घासून तापतं आणि कमजोर होतं. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करायचा. दुसऱ्या टोकाला फिरकी, म्हणजे मुख्य दोरीला जोडणारी फिरती कडी.

सगळा प्रश्न शिशाचा आहे. ते मुख्य दोरीवर मधोमध गाठ मारून घट्ट बसवलं की दोरी शिशाच्या वर तुटली तर मासा ते आयुष्यभर ओढतो, आणि पहिल्या बाभळीत अडकून मरतो. म्हणून शिसं मुख्य दोरीवर सैल, सरकतं ठेवायचं, खाली मणी आणि मग फिरकी. दोरी तुटली की शिसं निसटून जातं. खोडं फार असतील तिथं मी शिसं वापरतच नाही. जुना नट नाहीतर गोटा घेतो आणि शिवणाच्या कच्च्या दोऱ्याने फिरकीला टांगतो. अडकलं की कच्चा दोरा तुटतो, दगड तळाला राहतो, मासा हाती येतो. गॅरेजवाला नट मोफत देतो, हा आणखी फायदा.

हे मी शहाणपणाने शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी एका मध्यम प्रकल्पावर सहा गळांची स्प्रिंग टाकली होती. मोठी ओढ बसली, चाक गरगरलं, आणि दोरी गाठीच्या वर तुटली. पंधरा दिवसांनी संस्थेच्या जाळ्यात चार-साडेचार किलोचा कटला आला. माझीच स्प्रिंग, माझ्याच हिरव्या दोरीचा दहा-बारा हातांचा तुकडा. दोन गळ ओठात, एक कल्ल्याच्या झाकणात, आणि मासा इतका वाळलेला की डोकं मोठं आणि अंग चपटं. मामांनी तो तराजूत टाकला नाही. स्प्रिंग सोडवून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "घ्या, तुमची वस्तू."