घाटात तापणारा ब्रेक आणि घरी करता येणारे काम

पुण्यात स्पोर्ट्‌स कार बाळगणाऱ्याला तिची ताकद शहरात आजमावता येत नाही. संध्याकाळच्या कर्वे रस्त्यावर ३०० अश्वशक्तीची गाडीही शेजारच्या रिक्षाच्याच चालीने सरकते. म्हणून सुट्टीच्या पहाटे या गाड्या सिंहगड, ताम्हिणी किंवा महाबळेश्वरच्या वाटेला लागतात, आणि तिथे खरी कसोटी लागते ती ब्रेकची. तरीही गाडीवर स्वतः काम करणारे हौशी मालक पहिला खर्च करतात तो एक्झॉस्टवर, एअर फिल्टरवर किंवा इंजिनाच्या रीमॅपवर (ताकद वाढवण्यासाठी त्याच्या संगणकातील मांडणी बदलण्यावर). माझ्या मते हा क्रम चुकीचा आहे. पहिले काम ब्रेक फ्लुइड, म्हणजे पायाचा दाब चाकांपर्यंत नेणारा द्रव, बदलण्याचे असावे, कारण ते सर्वांत स्वस्त आहे आणि ते न केल्यास बाकीच्या सुधारणांमुळे वाढलेला वेग थांबवायचा कसा, हा प्रश्न उरतोच.

ब्रेक गाडीच्या गतीचे उष्णतेत रूपांतर करतो. १५०० किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्यातील गतिज ऊर्जा सुमारे ५.८ लाख ज्यूल असते. वेग १४० झाला की हीच ऊर्जा ११.३ लाखांवर जाते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ब्रेक दाबताना गाडीचा भार पुढच्या चाकांवर झुकतो आणि साधारण ७० टक्के काम पुढच्या दोन डिस्कना (चाकाबरोबर फिरणाऱ्या, पॅड घासून थांबवल्या जाणाऱ्या चकत्यांना) करावे लागते. प्रत्येकी ८ किलोची बिडाची डिस्क धरली, तर ताशी १०० किलोमीटरवरून एकदा पूर्ण थांबल्यावर तिचे तापमान सुमारे ५५ अंश सेल्सिअसने चढते. एका वेळी हे काहीच नाही. मात्र डिस्क पुरती थंड होण्याआधी दुसरा, तिसरा, दहावा ब्रेक लागत गेला, तर तापमान काही शे अंशांपर्यंत जाते. उतारावर तर वेग न वाढवताही उष्णता साचते: हीच गाडी ५०० मीटर उंची उतरताना सुमारे ७३ लाख ज्यूल स्थितिज ऊर्जा सोडते, म्हणजे ताशी १०० वरून बारा-तेरा वेळा थांबण्याइतकी. इंजिन ब्रेकिंगचा उपयोग केला नाही, गिअर वरचाच ठेवला, तर यातला बहुतांश वाटा डिस्क आणि पॅड यांच्याच माथी येतो.

अति तापलेला ब्रेक दोन वेगळ्या तऱ्हांनी दगा देतो आणि कोणती तऱ्हा आहे हे पायाला कळते. पेडल नेहमीसारखे कडक आहे, पण गाडी हवी तशी थांबत नाही, असे झाले तर दोष पॅडचा असतो. त्यातील रेझिन तापून वायू सोडते आणि घर्षण घटते. पेडल मऊ पडले, खाली बसत गेले, तर दोष फ्लुइडचा असतो. ब्रेकची सारी यंत्रणा द्रव दाबला जात नाही या गुणावर उभी आहे: पायाचा दाब मास्टर सिलिंडरमधून (पेडलला जोडलेल्या पंपातून) नळीवाटे कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याच्या, पिस्टनपर्यंत जसाच्या तसा पोहोचतो. द्रव उकळून वाफेचे बुडबुडे झाले की पायाचा जोर ते बुडबुडे दाबण्यात खर्च होतो आणि पिस्टनपर्यंत काहीच पोहोचत नाही.

फ्लुइड उकळण्याचे मूळ बहुधा पाण्यात असते. ब्रेक फ्लुइडचे डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे (अमेरिकी मानकाने ठरवलेले) प्रकार ग्लायकॉल ईथर वर्गातील रसायनांपासून बनतात आणि हवेतील बाष्प शोषून घेतात. टाकीच्या झाकणातील श्वासछिद्रातून आणि रबरी नळ्यांच्या भिंतींतूनही ते आत शिरते. पुण्याचा चार महिन्यांचा पावसाळा त्याला मदतच करतो. मानकानुसार ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, आणि ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर ही किमान मर्यादा १५५ वर येते. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. महिन्यातून एकदाच बाहेर निघणारी गाडी फार चालली नाही म्हणून तिचे फ्लुइडही नवे राहिले असेल, हा समज त्यामुळे टिकत नाही. पाणी शोषण्यासाठी गाडीने धावण्याची गरज नसते. दोन वर्षांनी ते बदलावे, आणि घाटात जोरात चालवायची असेल तर दर वर्षी.

एक बारकावा पुष्कळांना ठाऊक नसतो. द्रव उकळण्याचा धोका अनेकदा ब्रेक दाबलेला असताना नसतो, तर गाडी थांबल्यावर असतो. गडावरून जोरात उतरून पायथ्याशी चहा-भजीसाठी थांबलात, की डिस्कवरून वाहणारा वारा थांबतो, आणि साचलेली उष्णता पॅड व पिस्टनमधून मागे फ्लुइडपर्यंत झिरपते. पाय पेडलवर नसल्याने द्रवावर जास्तीचा दाबही नसतो, आणि कमी दाबाखाली तो लवकर उकळतो. मग निघताना पहिल्याच वळणावर पेडल खाली जाते. यासाठी शेवटचे एक-दोन किलोमीटर ब्रेक शक्य तितका न वापरता सावकाश चालवावे.

मोठ्या डिस्क आणि सहा पिस्टनचे कॅलिपर यांबद्दल मात्र हात आखडता घ्यावा, असे मला वाटते. थांबण्याचे अंतर शेवटी टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षण ठरवते; घर्षणांक ०.९ धरला तर ताशी १०० वरून सुमारे ४४ मीटर लागतात, मग डिस्क कितीही मोठी असो. मोठी डिस्क उष्णता अधिक झेलते, म्हणजे तिचा फायदा दहाव्या ब्रेकला दिसतो, पहिल्याला नाही. शिवाय गाडीला मान्यता मिळण्यापूर्वी तिची ब्रेक यंत्रणा पूर्ण एकक म्हणून तपासली जाते (वेताळ टेकडीवरची १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था अशाच चाचण्या करते), आणि नुसते पुढचे कॅलिपर बदलले तर पुढच्या-मागच्या चाकांमधील ब्रेकचा समतोल बिघडतो. शर्यतीच्या पॅडचीही तीच गत: थंड असताना ते नीट पकडत नाहीत, आणि सकाळी सोसायटीच्या फाटकाबाहेरचा पहिला ब्रेक थंडच असतो.

आता प्रत्यक्ष काम: टाकीत नवे फ्लुइड भरत राहायचे आणि जुने एकेका चाकाजवळून बाहेर काढायचे. सपाट जागा निवडावी. तळघरातील पार्किंगचा उतार चालणार नाही. गाडीची बैठक खाली असल्याने कमी उंचीचा ट्रॉली जॅक लागतो आणि तो गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये, जॅक स्टँड (गाडी पेलणारे स्थिर आधार) हवेतच. फ्लुइडचा डबा सीलबंद असावा. डॉट ५ हे सिलिकोनचे असते; ते नावाने ५.१ च्या जवळचे असले तरी यांत मिसळू नये. एकाने आत बसून पेडल दाबावे, दुसऱ्याने ब्लीडर निपल (कॅलिपरवरचे, द्रव बाहेर सोडणारे छोटे तोंड) रिंग पान्याने उघडावा आणि पेडल वर सोडण्याआधी बंद करावा. निपलला लावलेली पारदर्शक नळी बाटलीतील फ्लुइडमध्ये बुडलेली असावी. टाकीतील पातळी किमान खुणेखाली गेली तर हवा आत शिरते, आणि ती एबीएसच्या (चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) पंपात गेली तर काढायला गाडीच्या संगणकाला जोडायचा स्कॅनर लागतो, म्हणजे गॅरेजच गाठावे लागते. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा, म्हणजे मास्टर सिलिंडरची सील एरवी न पोहोचणाऱ्या गंजक्या भागावर घासणार नाहीत. चाकांचा क्रम पुस्तिकेप्रमाणे ठेवावा. रंगावर थेंब पडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे, नाहीतर रंग निघतो. सील पेट्रोलने किंवा इंजिन ऑइलने पुसू नयेत, कारण ते रबर खनिज तेलात फुगते.

चाके बसवल्यावर नट टॉर्क पान्याने पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे आवळावेत. इंजिन सुरू करून पेडल घट्ट दाबून धरावे आणि ते हळूहळू खाली जात नाही ना, चारही निपल कोरडे आहेत ना, हे पाहावे. मग गाडी आवारातच चालण्याच्या वेगाने दोन-चारदा थांबवून पाहावी.