विषुववृत्तीय सागरी प्रवाह : वर्षागणिक बदल

विषुववृत्तालगतच्या महासागरी प्रवाहांचा वेग, खोली आणि क्वचित दिशाही वर्षागणिक बदलते. या बदलाचे मुख्य कारण वारे. प्रशांत महासागरातील एल निनो–ला निना हे चक्र (विषुववृत्तालगतचे मध्य व पूर्वेकडचे पाणी काही वर्षांच्या अंतराने नेहमीपेक्षा उबदार किंवा थंड होणे) आणि हिंदी महासागरातील द्विध्रुव (पूर्व आणि पश्चिम बाजूंच्या पाण्याच्या तापमानातला उलटसुलट बदल) या दोन्हींचा परिणाम प्रवाहांवर वाऱ्यांमार्फतच होतो. पुढे तापमान बदललेल्या पाण्यामुळे वारेही बदलतात, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे वेगळे काढणे अवघड जाते.

नेहमीच्या वर्षी पूर्वेकडून येणारे व्यापारी वारे प्रशांताचे उबदार पाणी इंडोनेशियाकडे ढकलतात. तिथली सागरपातळी पेरूच्या किनाऱ्यापेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच राहते. या चढामुळे पृष्ठभागाखाली पाणी उलट, म्हणजे पूर्वेकडे वाहते. हा अधःप्रवाह प्रशांतात टाउनसेंड क्रॉमवेल यांनी 1952 मध्ये शोधला असे बहुतेक ग्रंथ सांगतात. मात्र अटलांटिकमधील अशाच प्रवाहाची नोंद जे. वाय. बुकॅनन यांनी 1886 मध्येच केली होती आणि ती पुढे विस्मरणात गेली. एल निनोच्या काळात व्यापारी वारे मंदावले, की उबदार पाणी केल्व्हिन लाटांबरोबर, म्हणजे विषुववृत्तालगत पूर्वेकडे जाणाऱ्या विस्तीर्ण सागरी लाटांबरोबर, पूर्वेकडे सरकते. या लाटा दोन-तीन महिन्यांत प्रशांत ओलांडतात. उलट पश्चिमेकडे परतणाऱ्या रॉस्बी लाटांचा वेग जेमतेम एक-तृतीयांश असतो. 1982 च्या उत्तरार्धात मध्य प्रशांतातला अधःप्रवाह काही काळ जवळजवळ नाहीसा झाल्याचे मोजमापांत आढळले. इंडोनेशियाच्या बेटांमधून हिंदी महासागरात येणारा ओघ सरासरीने सेकंदाला सुमारे दीड कोटी घनमीटर असून तोही एल निनोत क्षीण होतो.

हिंदी महासागराचे गणित निराळे आहे. इथे विषुववृत्तावर कायमचे व्यापारी वारे नाहीत. मोसमी वाऱ्यांच्या दोन संधिकाळांत, साधारण एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पूर्वेकडे धावणारा जोरदार पृष्ठप्रवाह निर्माण होतो. क्लाउस वर्टकी यांनी 1973 मध्ये त्याचे वर्णन केल्याने तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. द्विध्रुव धन असलेल्या वर्षी, म्हणजे सुमात्राजवळचे पाणी थंड आणि आफ्रिकेकडचे उबदार असताना, त्याची शरदातली धाव मंदावते. 1997 मध्ये ती फारच क्षीण होती.

द्विध्रुवाची संकल्पना 1999 मध्ये साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी मांडली. ती स्वतंत्र घटना की एल निनोचीच सावली, हा वाद अद्याप पूर्ण मिटलेला नाही. दोन्ही पुष्कळदा एकाच वर्षी येतात, हे खरे. तरी 1961 मध्ये एल निनो नसताना द्विध्रुव तीव्र होता. अशा वर्षांमुळे निदान अंशतः स्वातंत्र्याचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. 1997 मध्ये एल निनो प्रबळ असूनही देशाचा मोसमी पाऊस सरासरीइतका झाला, त्याचे श्रेय काही अभ्यासक द्विध्रुवाला देतात. 2015 मध्ये द्विध्रुव धन असूनही पाऊस सरासरीच्या 86 टक्केच पडला, तेव्हा हा नियम मानता येत नाही.

सोलापूर : पर्जन्यछायेतल्या या जिल्ह्यात एल निनोची बातमी आली, की आधी उजनीची टक्केवारी विचारली जाते. पण भीमेवरचे उजनी धरण मुख्यतः पुणे जिल्ह्याकडच्या सह्याद्रीतल्या जुलै-ऑगस्टच्या पावसावर भरते, तर जिल्ह्याची रब्बी ज्वारी उत्तरा-हस्ताच्या, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या स्थानिक पावसावर पेरली जाते. एकाच वर्षी यांपैकी एक साधून दुसरे फसू शकते. म्हणून ‘एल निनो म्हणजे सोलापूरला दुष्काळ’ हे समीकरण ढोबळ आहे. 1972 आणि 2015 ही वर्षे त्यात बसतात. 2012 बसत नाही : त्या वर्षी प्रशांतात एल निनो पुरता उभा राहिला नाही, तरी जिल्ह्याने टँकर आणि चारा छावण्या पाहिल्या.

1876–78 च्या दख्खनच्या दुष्काळाची कालगणना तर अधिकच गुंतागुंतीची आहे. सोलापूर हा मुंबई इलाख्यातल्या सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता.  हा दुष्काळ सरसकट एल निनोच्या खात्यात टाकला जातो. परंतु इलाख्यातला पाऊस 1876 च्या पावसाळ्यातच, विशेषतः त्याच्या उत्तरार्धात, हुकला आणि प्रशांतातली उष्णता 1877 च्या अखेरीस शिगेला पोचली. काही अभ्यासक एल निनोची सुरुवात 1876 च्या अखेरीपर्यंत मागे नेतात. ते मान्य केले तरी सप्टेंबरचा पाऊस त्याआधीचाच ठरतो. 1877 चा तीव्र द्विध्रुव आणि 1878 मधले उबदार अटलांटिक यांचाही जगभरच्या दुष्काळात वाटा असल्याचे 2018 मधील एक अभ्यास सुचवतो, पण तीही दोन्ही कारणे सोलापुरातल्या पहिल्या नापिकीनंतरची आहेत.