सरासरी डॅमेज आणि सात हिट पॉइंटचा गॉब्लिन

डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकून काल्पनिक पात्रं खेळवायचा खेळ) खेळणाऱ्या प्रत्येक ग्रुपात एक्सेल शीट बाळगणारा एक जण असतोच, आमच्यात तो मी. भांडण कायम एकच, कोणाचं कॅरेक्टर जास्त मारतं? आता हे बघायचं तर नुसतं डॅमेज (वाराने होणारं नुकसान) बघून भागत नाही, वार लागायची शक्यता पण धरावी लागते.

आमचा फायटर घ्या, म्हणजे माझंच कॅरेक्टर, तलवार घेऊन लढणारं (नियम 2014 चे). लेव्हल 5, स्ट्रेंग्थ 18, हातात ग्रेटसोर्ड. 20 बाजूंच्या फाशात ताकद आणि लेव्हलचे मिळून 7 मिळवायचे, गॉब्लिन नावाच्या छोट्या राक्षसाचा आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) 15, म्हणजे फाशावर 8 किंवा जास्त पडलं की लागला. 20 पैकी 13 आकडे, 65 टक्के. लागला तर दोन साधे फासे अधिक ताकदीचे 4, सरासरी 11. 11 चे 65 टक्के 7.15, वर 20 पडलं की डॅमेजचे फासे दुप्पट होतात त्याचे 0.35, झाले साडेसात.

आता ग्रेट वेपन मास्टर नावाचं फीट, म्हणजे कॅरेक्टरने घ्यायची एक खास क्षमता. नेम 5 ने कमी, डॅमेज 10 ने जास्त. लागायची शक्यता घसरून 40 टक्के होते, पण सरासरी 8.75 वर जाते! आर्मर क्लास 17 पर्यंत हाच सौदा फायद्याचा, 18 ला गणित उलटतं. मी हे शीटमध्ये काढलं आणि जाम खूश होऊन प्रत्येक वार तसाच करायला लागलो.

आणि गॉब्लिन मरेचनात. फाशावर 9 पडले, साधा वार असता तर बेरीज 16 होऊन लागला असता, फीटमुळे 11 झाली, हुकला, आणि तो गॉब्लिन जाऊन आमच्या विझार्डला (जादूगाराला) टोचून आला.

घोळ असा की गॉब्लिनला हिट पॉइंटच 7, तेवढं डॅमेज झालं की मेला. साधा वार लागला तर कमीत कमी 6 जातात, म्हणजे दोन्ही फाशांवर एक-एक आला तरच तो वाचतो. साध्या वारात मरायची शक्यता जवळपास 63 टक्के, फीटवाल्या वारात 40. ते वरचे 10 मेलेल्याला मारण्यात जातात, पण सरासरीत मात्र मोजले जातात. ओगर या धिप्पाड राक्षसावर तेच फीट सोनं आहे, कारण त्याला 59 हिट पॉइंट आणि आर्मर क्लास फक्त 11, तिथे वारामागे 9.7 चे जवळपास 13 होतात.

विझार्डची तर बातच वेगळी. फायरबॉल या आगीच्या मंत्राचे आठ फासे, सरासरी 28, समोरच्याने सेव्ह केला (फासा टाकून बचाव साधला) तरी निम्मे 14, आणि ते घोळक्यातल्या प्रत्येकाला. पण लेव्हल 5 ला असे दिवसाला दोन, फार तर तीन. त्यामुळे फायटर भारी की विझार्ड हे लाँग रेस्टच्या (मंत्र परत मिळवून देणाऱ्या झोपेच्या) आधी किती लढाया होतात त्यावर ठरतं, आणि आमचा डीएम (खेळ चालवणारा) दोन लढाया झाल्या की झोपू देतो, मग मी कितीही शीट बनवली तरी विझार्डच जिंकणार.